दहा यार्डांत एक गाठ

मित्रांनो, जरा इकडे बघा. दोन नारिंगी काठ्यांच्या मध्ये लोंबकळणारी, चिखलात लोळून म्हातारी झालेली ही साखळी म्हणजे मी. लांबी बरोब्बर दहा यार्ड. ना एक बोट कमी, ना एक बोट जास्त. निदान मी सगळ्यांना तसं सांगते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये माझ्यावाचून पान हलत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्या टीमला. आता गेले की नाही गेले, यावर भांडणं होणारच. मग रेफरी मला मैदानात बोलावतो. मी ताणून उभी राहिले की बावीस दांडगी पोरं एकदम चिडीचूप!

माझा जन्म इंग्लंडातल्या वॉल्सॉलच्या एका वर्कशॉपमधला. माझ्या बहिणी कुत्री बांधायला गेल्या, मी खेळात आले. आधी लीड्सच्या एका क्लबात होते, मग सेकंडहँड म्हणून कॉव्हेंट्रीच्या एका युनिव्हर्सिटीच्या टीमकडे. टीम कसली! सप्टेंबरात निम्म्या पोरांना हेल्मेटचा पट्टासुद्धा लावता येत नव्हता.

मला धरायला माणसं होम टीमनंच आणायची, असा नियम. माणसं नाहीत तर मॅच नाही. म्हणून प्रणवनं बाबांना आणलं. प्रणव म्हणजे बॉल पोटाशी धरून गर्दीत घुसणारा आमचा गडी, जन्मापासून इथलाच, मराठी मोडकीतोडकी. त्याचे बाबा शशिकांतराव मूळचे नागपूरचे, पन्नाशी उलटलेली, डोक्यात चोवीस तास खोड्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोच ग्लेनच्या शिट्टीत मैदा भरला. कोचनं फुंकली आणि मिशा पांढऱ्या!

पण मॅच संपली की हाच माणूस मला गॅरेजात न्यायचा, कडी न् कडी पुसायचा, तेल लावायचा, हुकाला सरळ टांगायचा. "काय गं, दमलीस का?" असंही विचारायचा. लोखंडाला कोण विचारतं हो असं?

मग नोव्हेंबर आला. समोरच्या टीमचा पोरगा जिंकायची शेवटची किक मारायला उभा होता. शशिकांतराव बाजूला माझी काठी धरून. एकदम ओरडले, "ओ मेट, तुझी नाडी सुटलीये!" पोरानं खाली पाहिलं, किक गेली भलतीकडेच. मी खळखळून हसले. रेफरी नाही हसला. दंड आमच्या टीमला, किक पुन्हा, तीही जवळून. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

कार पार्कमध्ये प्रणव म्हणाला, "बाबा, तू परत नको येऊ."

"अरे, गंमत केली रे..."

"तुझा प्रत्येक गोष्ट गंमत असते. तू खरं कधी बोलतो, मला कळतच नाही."

शशिकांतराव गाडीची किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. कोणीही यायचं, मला धरायचं, ओली तशीच बॅगेत कोंबायचं. वरून सहा जणांचे मोजे! मार्चपर्यंत टीम सहाच्या सहा मॅच हरली, आणि माझ्या पोटातल्या दोन-तीन कड्या एकमेकींत अडकून, गंजून, गच्च गाठ बसली. मी चार बोटं आखूड झाले. कुणाला पत्ताच नाही.

शेवटच्या मॅचच्या सकाळी साखळीवाला आजारी पडला. प्रणवनं घरी फोन लावला. "बाबा, येशील? पण नो जोक्स."

"मुकाट्यानं काठी धरतो," शशिकांतराव म्हणाले. धावत आले तेव्हा मॅच सुरूच होत होती. "काय गं दशा केली तुझी!" एवढंच पुटपुटले.

शेवटचं मिनिट. आम्ही चार पॉइंटनं मागे, गोल समोर दिसतोय, चौथा प्रयत्न. प्रणव बॉल घेऊन घुसला, पाठीवर तिघं घेऊन पडला. रेफरीनं मला बोलावलं. मागची काठी जागेवर, पुढची शशिकांतरावांच्या हातात. मी ताणली गेले. बॉल काठीच्या दोन बोटं पुढे! पोरं नाचायला लागली. अजून चार प्रयत्न मिळणार होते.

खरं सांगू, मित्रांनो? गाठ मला टोचत होती. पण मी चिखलात तोंड खुपसून गप्प राहिले. एकदा तरी जिंकू देत की बिचारी!

शशिकांतरावांनी मात्र माझी एकेक कडी पुसलेली. त्यांना गाठ दिसली. मग त्यांनी प्रणवकडे पाहिलं. नोव्हेंबरनंतर तो पहिल्यांदाच हसत होता. मला वाटलं, खोड्यांचा राजा हा, राहील गप्प.

"रेफ, थांबा. साखळीत गाठ आहे."

"पुन्हा तुम्हीच?" रेफरी वैतागला.

"शशी, आज नको!" कोच ओरडला. पोरंही सुरू झाली, "अंकल, प्लीज!"

प्रणवनं हेल्मेट काढलं. बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ.

"रेफ, चेक करा," तो म्हणाला. "माझे बाबा गंमत करत नाहीयेत."

गाठ सोडवताना शशिकांतरावांचं नख तुटलं. मला पुन्हा ताणलं. बॉल दोन बोटं कमी पडला.

सात मॅच, सात हार.

सगळे निघून गेल्यावर प्रणवनं माझी दुसरी काठी उचलली. "बाबा, हिला घरी नेऊ. तेल लावायला पाहिजे."

"नेऊ की. फक्त तुझ्या बॅगेत हात घालू नकोस, आत रबरी साप आहे."

"बाबा!"

"अरे, गंमत केली."

प्रणव हसला. पण बॅग उघडून त्यानं पाहिलंच.

आता मी गॅरेजात हुकाला सरळ टांगलेली आहे. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. भिजलेल्या वस्तू तशाच कोंबू नका. पुसा, उलगडा, मग ठेवा. आणि रोज हसवणारा माणूस एखाद्या दिवशी न हसता काही सांगायला लागला, तर एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघा.

माझी लांबी दहा यार्ड. ना एक बोट कमी, ना एक बोट जास्त. या वेळी खरंच.