मशिनीची ओटी

आमच्या श्रेयाचं लग्न झालं त्या वैशाखात कळंबच्या घरी सीडी प्लेअर आला, तो लग्नाची सीडी बघायलाच. शेजारपाजारचे बघून गेले, आम्हीही चारदा रडून घेतलं.

आषाढात बेल्ह्याहून निरोप आला. श्रेयाच्या सासूबाई, साळुबाई, रुसल्या होत्या. मांडवात ओटी आधी त्यांच्या धाकट्या जावेची भरली आणि थोरलीचा मान मागे पडला, असं त्यांचं म्हणणं. मानाचं मिटल्याशिवाय पोरीला पंचमीला धाडणार नाही, असं त्यांनी कळवलं. लेकीची पहिली पंचमी! मी झोक्याचा दोरसुद्धा काढून ठेवला होता.

ओटी भरली होती माझ्या सासूबाईंनी, सारजाबाईंनी. त्या पेटल्याच.

"मी थोरलीचीच आदी भरली. सीडीत सगळं हाय. बोलवा तिला!"

बोलावणं गेलं. प्लेअर आता साक्ष देणार, म्हणून सासूबाईंनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. दुसऱ्या दिवशी तो बंद. सीडी आत घ्यायचा, घरघरायचा आणि 'नो डिस्क' दाखवायचा.

"शेजारच्यांच्यात लावू की," मी म्हणाले.

"इहिणीला बोलवायचं आपल्या घरी, आन् बसवायचं दुसऱ्याच्यात?"

मग ह्यांनी तो पिशवीत घालून मंचरला दलीचंदशेठच्या दुकानात नेला. शेठच्या कल्पेशने लेन्स बदलली, चालवून दाखवला. प्लेअर घरी आला तर सासूबाई उंबऱ्यात ताम्हण घेऊन उभ्या.

"नवा भाग आलाय घरात. तसाच कसा वापरायचा?"

बटण दाबल्यावर प्लेअरने जीभ काढावी तसा ट्रे बाहेर काढला. त्या जिभेवर सासूबाईंनी हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी वाहिली. पुन्हा बटण दाबलं, जीभ आत गेली. परत बाहेर आली तेव्हा वरचं बरंचसं गायब. उरलेलं ह्यांनी फुंकरीने उडवलं, तेही आतच.

"बघा, घेतलं त्यानं!" सासूबाई हरखल्या.

'नो डिस्क.'

दुसऱ्या खेपेला कल्पेशने मोटर आणि रबरी पट्टा बदलला. भाग दोन, म्हणून सासूबाईंनी कुंकूही दुप्पट वाहिलं. कल्पेश बिचारा डोकं धरून बसला.

"गोरखभाऊ, दुकानात गातोय आन् तुमच्या घरी मुका व्हतोय. आता मीच येतो घरी."

तो आला त्याच दुपारी साळुबाईही जीपने येऊन थडकल्या. चहाला हात लावला नाही. पदर सावरून टीव्हीसमोर बसल्या.

"लावा की. काय दावायचं ते दावा."

सासूबाई खऱ्या ठरल्या तर साळुबाई आणखी रुसणार, खोट्या ठरल्या तर विचारायलाच नको. दोन्हीकडून पंचमी माझीच बुडणार होती.

कल्पेशने झाकण काढलं आणि प्लेअर ताटात उपडा केला. आतून कुंकू, हळद, मूठभर तांदूळ आणि सुकलेल्या पाकळ्या पडल्या. लेन्स लालभडक.

"आजी, हे काय?"

"मान!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

साळुबाई ताटात वाकल्या. "इहीणबाई, माझी आदी भरायची तुमी इसरला, आन् ह्याची कितींदा भरली वो?" असं म्हणून त्या जे हसत सुटल्या, ते पदर तोंडात कोंबला तरी थांबेनात.

कल्पेशने आतलं पुसून काढलं, नवी लेन्स घातली. सीडी फिरली. मांडव आला, हार आले, ओटीचं ताट घेऊन सासूबाई आल्या. आम्ही सगळे पुढे सरकलो. तेवढ्यात पडद्यावर शूटिंगवाल्याने घातलेलं एक गुलाबी कमळ उमललं. त्यात नवरा-नवरीचे चेहरे गोल गोल फिरले. कमळ मिटलं तेव्हा दोघी जावा भरल्या ओटीने उभ्या!

चारदा रडताना हे कमळ कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सासूबाई उठल्या, आत गेल्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या आणि साळुबाईंसमोर बसल्या.

"पदर पसरा. आता धाकटी बी न्हाई आन् कमळ बी न्हाई. कल्पेश, तू बघ रं नीट."

साळुबाईंनी पदर पसरला आणि माझ्याकडे वळल्या. "भरा. आन् पोरगी पंचमीला येतीया बरं का, इंद्रायणीबाई." मग चहा मागितला. गार झालेलाच प्यायल्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी श्रेया जीपमधून उतरली. सासूबाई ताम्हण घेऊन दाराकडे निघाल्या. लेकीकडे बघायच्या आधी ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि प्लेअरवर टाकला.