माझ्या आरामाला भुलू नका

ठक, ठक, ठक... दचकलात ना? सगळेच दचकतात. तो आवाज माझा. प्राण्यांच्या दवाखान्यात, आतल्या खोलीत चाकांच्या गाड्यावर उभं असलेलं शॉकवेव्ह मशीन म्हणजे मी. नावात शॉक आहे म्हणून लोकांना वाटतं, मी विजेचा झटका देतो. तसलं काही नाही. माझं मुठीएवढं तोंड दुखऱ्या जागी टेकवलं की मी आत लहरींचे ठोके पाठवतो. त्याने दुखणं कमी होतं आणि फाटलेलं हळूहळू जुळून येऊ लागतं.

कारखान्यातून आलो तेव्हा केवढी ऐट होती माझी! पण पहिले सहा महिने डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर ॲप्रन टांगला. माझं माहितीपुस्तक जाडजूड आणि त्यांना सवड नाही. पुढे एकदा त्यांनी ते वाचून काढलं आणि माझे दिवस पालटले. अधू मांजरं, कंबर धरलेली कुत्री माझ्या हाताखालून चालती झाली. मी फुगलो. माझा तोरा उतरवला तो ढब्ब्याने.

ढब्ब्या अकरा वर्षांचा, बत्तीस किलोंचा कुत्रा. उजव्या खांद्यातला स्नायुबंध अर्धा फाटलेला. हृदय कमजोर, त्यामुळे ऑपरेशनची मोठी भूल झेपणार नव्हती. सगळी मदार माझ्यावर. त्याचे मालक, आजोबा, निवृत्त लिफ्टमन. जन्मभर लोकांना वरखाली नेलं आणि स्वतःचं घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर! महिनाभर ते ढब्ब्याला उचलून जिना चढत-उतरत होते.

पहिल्या खेपेनंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चार दिवस त्याला छान वाटेल. पण फसू नका, आतलं अजून कच्चं आहे. जिना बंद म्हणजे बंद!"

माणसांच्या कानात सोयीचं तेवढंच शिरतं. आजोबांनी "छान वाटेल" एवढंच घरी नेलं.

दुसऱ्या खेपेला ढब्ब्या तीन पायांवर आला. सोबत आजोबा आणि त्यांची मुलगी, तिचे डोळे सुजलेले.

"मीच म्हटलं, बाबा, चढतोय तर चढू दे, तुमची पाठ जाईल. काय खूश होता हो! शेवटच्या वळणावर किंचाळला."

"तुझं नाही गं, माझं चुकलं," आजोबा म्हणाले. "माझे हात भरून आले होते. मलाही तेच हवं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरा फसवणारा तर मी. दुखणं त्याच्या पायावर राखण करत बसलं होतं, आणि मीच त्याला गप्प केलं होतं.

"फाट वाढलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडासाच भाग धरून आहे. तो तुटला तर हा पाय पुन्हा टेकणार नाही."

हलकी गुंगी देऊन, केस भादरून, जेल लावून त्यांनी मला टेकवलं. एक हात त्याच्या छातीवर. ठक, ठक... निम्म्यात त्या थांबल्या. "हृदयाचे ठोके मंदावलेत." आजोबा ढब्ब्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाई म्हणाल्या, "आले ताळ्यावर. चला." इतक्या भीत भीत मी कधीच काम केलं नव्हतं.

आज तिसरी, शेवटची खेप झाली. सोनोग्राफीत फाट भरून येताना दिसली, पण अजून सहा आठवडे जिना नाही. माझंही तोंड झिजलंय, उद्या बदलणार आहेत. जाता जाता हात जोडून सांगतो, मी दुखणं थांबवलं म्हणजे बरं केलं असं समजू नका. त्याच दिवसांत जास्त जपा.

दवाखान्याच्या दारात तीन पायऱ्या आहेत. इथून दिसतात. गुंगी उतरलेला ढब्ब्या शेपूट हलवत, चारही पाय टेकत थेट तिकडेच निघाला. दोरी ताणली गेली. त्याचा उजवा पाय पहिल्या पायरीवर गेलाच होता. मला ओरडता आलं असतं तर!

आजोबा झटकन आडवे आले आणि गुडघ्यांवर बसले. मुलीने मागून हात घातले.

"थांब रे राजा," ते म्हणाले, "लिफ्ट आलीय."