धुरपदाबाईला लिफ्टनं खाल्लं नाही

"ये माये, ये! खाली ये!"

योगीराज महाराजांनी मोरपिसांचा कुंचा हवेत फिरवला आणि पाचव्या मजल्यावरची लिफ्ट खरोखरच खाली यायला लागली. कुणीही बटण दाबलेलं नव्हतं. दारावरचे लाल आकडे उतरत गेले. चार, तीन, दोन. तळमजल्याच्या बोळात दाटीवाटीनं उभी असलेली शे-दीडशे माणसं हात जोडून वाकली. बाहेर रस्त्यावर जीपगाड्यांची रांग लागली होती. पार माकणीपासून माणसं आली होती.

"बघितलं का?" महाराज गरजले. "विलायतेत शंभर मजल्याच्या बिल्डिंगीत अशीच लिफ्ट व्हती. अकरा माणसं खाल्ली तिनं. त्याचा पिक्चर निघालाय. बघितलाव न्हवं समद्यांनी?"

"व्हय महाराज!"

"तिथं शंभर मजल्याला अकरा बळी. इथं पाच मजले, एक घेतला. पण भूक भागली न्हाय तिची!"

मजल्यांचं आणि बळींचं हे त्रैराशिक कुणालाच खटकलं नाही. जिन्यात उभी असलेली मी मात्र आतून पेटले होते.

मी डॉक्टर नीरजा. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. लोहारा तसं लहान तालुक्याचं गाव. इथं पाच मजले म्हणजे आभाळाला टेकलेली इमारत आणि लिफ्ट म्हणजे नवल. पोरं नुसती वरखाली करायला यायची. त्यातच त्या सिनेमाची हिंदी आवृत्ती गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरली. दारं आपोआप उघडतात, लिफ्टचा पाळणा माणसांना चिरडतो, तारा गळ्याभोवती आवळतात. मीही पाहिला. चांगली घाबरले, आणि बंद करून झोपले. सिनेमावाल्यांनी निदान करमणूक म्हणून घाबरवलं होतं.

महिनाभरानं, एका सकाळी साडेदहाला, इमारतीची झाडलोट करणाऱ्या धुरपदाबाईंनी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार ओढलं. एका हातात फरशी पुसायची बादली होती. दार उघडलं, म्हणजे लिफ्ट आली असणार, म्हणून त्यांनी पाऊल आत टाकलं. लिफ्ट पाचव्या मजल्यावर होती.

आवाज ऐकून मी धावले. खालच्या खड्ड्यात त्या पडल्या होत्या, अंगावर बादलीतलं पाणी. त्यांची नाडी माझ्या बोटांखाली थांबली. त्यांचं वय सत्तेचाळीस.

इमारतीचे मालक हिंमतराव पोलिसांना म्हणाले, "बाईचं ध्यान नव्हतं, साहेब." पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. पण पुढच्या आठवड्यात दार सताड उघडं असताना लिफ्ट वर गेलेली दोघांनी पाहिली आणि गावभर बोभाटा झाला. सिनेमातलं भूत लोहाऱ्यात आलं! हिंमतरावांनी ही अफवा खोडली नाही. उलट स्वतःच्या गाडीतून योगीराज महाराजांना घेऊन आले.

लिफ्ट अशी खाली उतरवल्यावर महाराजांनी तिच्या दारात लिंबू कापलं आणि त्यातून 'रक्त' आलं. सुरीला आधी एक रसायन चोपडलं की आंबट रस लागताच ते लाल होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला पोरखेळ. मी तसं सांगितलं, तर एक म्हातारा माझ्यावरच खेकसला, "डॉक्टरबाई, दोन बुकं शिकलाव म्हून देवाधर्माची चेष्टा करू नका."

मग महाराजांनी निकाल दिला. लिफ्टमध्ये धुरपदाच आहे. तिनं करणी केली होती, ती तिच्यावरच उलटली.

मेलेली बाईच गुन्हेगार ठरली! चार दिवसांत तिच्या मुलीला, सोनालीला, सार्वजनिक नळावर कुणी पाणी भरू देईना. एकोणीस वर्षांची पोर, आईचा दहावा होऊन आठवडा झालेला. आणि वर फर्मान सुटलं, की येत्या बाजाराच्या दिवशी सोनालीला ओलेत्यानं लिफ्टमध्ये कोंडायचं, पाच फेऱ्या मारायच्या, म्हणजे आई लेकीच्या अंगात येऊन बोलेल.

मी पोलीस ठाण्यात गेले. "बघू," म्हणाले. मग मी शिवकन्येला फोन लावला.

शिवकन्या माझ्या ओळखीची, मूळची अणदूरची. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत चार वर्षं काम करून आता आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, गच्चीवर मशीनची खोली असंल. महाराज येतेत तवा त्याची किल्ली कुणाकडं असते?"

"रुद्रेशकडे. वॉचमन."

"आन त्यो तवा कुठं असतो?"

मला आठवेना. तो गर्दीत कधीच दिसला नव्हता.

बाजाराच्या दिवशी दुपारी बारा वाजता सोनालीला आणलं. अंगावर दोन घागरी ओतलेल्या, दोन बायकांनी दंड धरलेले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. मी लिफ्टच्या दारात आडवी उभी राहिले.

"बाजूला व्हा, मॅडम," हिंमतराव म्हणाले. "गावाचं काम हाय."

"आधी लिफ्ट बोलवा. आली तर होते बाजूला."

महाराज हसले. कुंचा फिरवला. "ये माये, खाली ये!"

आकडा पाचावरच राहिला.

"ये माये! खाली! खाली ये!"

पाच. मग तो आकडाही विझला. महाराजांच्या कपाळावर घाम दिसला. "कुणीतरी विटाळ केलाय!" ते ओरडले, तेवढ्यात जिन्यावरून शिवकन्या उतरली. तिनं रुद्रेशचं मनगट धरलं होतं.

"विटाळ न्हाय, मेन स्विच पाडलाय म्या," ती म्हणाली. "ह्यो वर मशीनपाशी बसला व्हता. दुरुस्तीसाठी तिथं वर-खाली करायची बटणं असतेत. कानाला फोन लावून ऐकायचा. महाराज 'खाली ये' म्हणले की ह्यो खालचं बटण दाबायचा. दुसरा फोन त्या झोळीत हाय."

महाराजांनी झोळी पोटाशी धरली. सोनालीनं दोन्ही दंड हिसडून सोडवले, पुढं झाली आणि झोळीत हात घातला. अंगारा, दोन लिंबं आणि चालू असलेला फोन. पडद्यावर नाव होतं: रुद्रेश. बावीस मिनिटं झाली होती.

कुणी तरी शिवी हासडली. महाराज दाराकडं सरकले, पण दार माणसांनीच अडवलेलं.

"थांबा, खरं तर पुढंच हाय," शिवकन्या म्हणाली, आणि सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. दाराच्या कुलपाची पेटी तिनं पेचकसानं उघडली. आत दोन स्क्रूंना जोडणारा बोटभर लाल वायरचा तुकडा होता.

"लिफ्ट मजल्यावर नसंल तर दार उघडू नये म्हून ह्ये कुलूप असतंय. आन दार उघडं असंल तर लिफ्ट हलू नये म्हून त्यातनं करंट जातो. कुलूप झिजलं. ते धरीना, लिफ्ट नसली तरी दार उघडाय लागलं, आन करंट तुटून लिफ्ट घडीघडी अडकाय लागली. नवं कुलूप बसवायचं, तर इथं वायर जोडलीय. दार उघडं हाय का बंद, मशीनला कळतच न्हाय. कुणी वर बटण दाबलं की उघड्या दारानं निघाली वर. ह्येच तुमचं भूत."

"वायर कुणी जोडली?" सोनालीनं विचारलं. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त झोंबला.

रुद्रेश भिंतीला टेकला. "मालकांनी सांगितलं म्हून."

"मग काय करू?" हिंमतराव उसळले. "रोज बंद पडायची. भाडेकरू बोंबलायचे. ह्या डॉक्टरबाईच समद्यात आधी!"

ते खरं होतं. माझ्या पेशंटना जिने चढावे लागतात म्हणून मी तीनदा भांडले होते. मग एके दिवशी लिफ्ट सुरळीत चालायला लागली. कशी, हे मी विचारलं नाही. सोनाली माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

शेवटी तीच बोलली, गर्दीकडं वळून. "माझ्या आईला चेटकीण म्हणलाव. नळावरून मला हाकललाव. आता कुणीतरी म्हणा, ती काम करता करता मेली."

 लिंबाच्या वेळी माझ्यावर खेकसलेला तो म्हातारा डोक्यावरची टोपी काढून खाली बघत राहिला.

त्या दिवशी पोलिसांना यावंच लागलं. महाराज आणि रुद्रेश यांच्यावर जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा नोंदला, आणि हिंमतरावांवर निष्काळजीपणानं जीव घेतल्याचा. पहिला पंचनामा बदलला. खटला चालू आहे, माझी आणि शिवकन्येची साक्ष व्हायची आहे. गावात अजूनही काही जण म्हणतात, वायर असेल, पण काहीतरी होतंच.

काहीही नव्हतं. यंत्राला भूक नसते, राग नसतो. त्याला फक्त देखभाल लागते, आणि ती करणं हे जिवंत माणसाचं काम असतं. त्या माणसाला जबाबदारी नको असते तेव्हा भूत लागतं, भुताला महाराज लागतो आणि महाराजाला तुमचे जोडलेले हात. पुढच्या वेळी कुणी असं मेलं तर लिंबू कापू नका. कुलूप उघडून बघा, आणि ते दुरुस्त करणं कुणाचं काम होतं, हे मोठ्यानं विचारा.