खांद्यावरचं कोकरू

वायाकुंचोच्या डोंगरात मेंढी खांद्यावर घेऊन कोण चालतं? चोर. मेंढीला देवानं चार पाय दिलेत, ती आपली आपण चालते. तिला खांद्यावर घ्यायचं ते चिखलात खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे तिबुर्सियाचा मुलगा इलारियो फाबियानशेठचं कोकरू खांद्यावर टाकून जाताना लोकांना दिसला, तेव्हाच त्याचा निकाल लागल्यात जमा होता.

आता खरं काय ते ऐका. कोकरू घळीत पडलं होतं, पाय मोडला होता, वरून गारा झोडपत होत्या. फाबियानचं घर दोन डोंगरांपलीकडे आणि इलारियोची झोपडी हाकेच्या अंतरावर. गड्यानं ते उचललं, घरी आणलं, मोडक्या पायाला काटक्या बांधून चुलीपाशी निजवलं. सकाळी फाबियानची माणसं हजर. कोकराच्या कानाला फाबियानची खाच, वर त्याच्या घरच्या लाल लोकरीचा गोंडा. वाटेवर इलारियोची पावलं, आणि खुराचा ठसा एकही नाही. झालं! रविवारी देवळातली मिस्सा आटोपली की गावसभा बसणार आणि इलारियोचा गायरानावरचा हक्क काढणार, असं ठरलं. गायरान गेलं की मेंढ्या विकायच्या आणि मायलेकरांनी शहरात जाऊन हमाली करायची.

आणि योग बघा, नेमक्या त्याच रविवारी राजधानी लिमाहून उत्तम मेंढपाळाची मूर्ती आली. उत्सवाचा यंदाचा मानकरी फाबियान, मूर्तीही त्यानंच आणवलेली. पुरुषभर उंचीचा येशू, आणि खांद्यावर कोकरू! सगळं गाव गुडघ्यांवर आलं. बायकांनी तर पदर डोळ्यांना लावले.

तिबुर्सिया मात्र कोकराच्या कानांकडे बघत होती.

"एउलोहिया," ती शेजारणीच्या कानाशी लागली, "याच्या कानाला खाच नाही, गोंडा नाही. कुणाचं आणलंय हे विचारलं का कुणी?"

"गप गं बाई! जीभ झडेल."

"माझी कशाला झडेल? सभेत बोलतील त्यांची झडू दे."

फादर अनिसेतो त्या दिवशी फार छान बोलले, खोटं कशाला बोला. पगारी गडी लांडगा दिसला की पळतो, म्हणाले. खरा मेंढपाळ पाय मोडलेलं कोकरू टाकून जात नाही, खांद्यावर घेतो, मग जग काहीही म्हणो. तिबुर्सियाचा जीव भांड्यात पडला. प्रवचन संपताच तिनं फादरना गाठलं.

"फादर, आत्ता जे बोललात, तेच बाहेर अंगणात सभेपुढे येऊन बोला. एवढंच. एक शब्द जास्त नको."

फादरनी घड्याळ बघितलं. "अगं तिबुर्सियाबाई, ते आत्म्याविषयी होतं. हे मेंढीविषयी आहे. गावच्या कारभारात मी पडलो तर कसं व्हायचं?"

"पण माझ्या पोरानं तेच केलं की हो!"

"मी प्रार्थना करीन त्याच्यासाठी," फादर म्हणाले, आणि खरंच केली असेल.

सभेला उकडलेले बटाटे सोलायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. फाबियान म्हणाला, "मला राग नाही बरं का. पण आज एकाला सोडलं तर उद्या प्रत्येक चोर म्हणेल, पाय मोडला होता." हात वर झाले. एउलोहियाचाही झाला, जरा खालीच, पण झाला.

मग मिरवणूक. पालखीचा चौथा दांडा नेहमी इलारियोचा, गावात तोच सगळ्यांत दणकट. फाबियाननं त्याला बाजूला केलं. "चोराचा खांदा देवाला नको," म्हणाला, आणि आपल्या मेव्हण्याला उभा केला. मेव्हण्यानं सकाळपासून चिचा, म्हणजे मक्याची दारू, ढोसलेली, त्याला स्वतःचाच तोल सावरेना.

देवळाच्या तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला. पालखी कलली. येशू कोकरासकट दगडी फरशीकडे झुकला आणि सगळ्या गावाच्या घशातून एकच किंकाळी निघाली.

तिबुर्सियानं मुलाचं मनगट गच्च पकडलं. "हलायचं नाही. पडू दे. बघू दे त्यांना."

"आई, सोड."

"शपथ आहे माझी!"

शपथ हवेतच राहिली. पोरानं हात हिसडून घेतला, वाकला, दांड्याखाली खांदा घातला आणि सगळा भार एकट्यानं वर उचलला. मूर्ती सरळ झाली.

"चमत्कार!" एउलोहिया ओरडली. "देव स्वतःच सावरला!"

"स्वतःच सावरला!" सगळं गाव ओरडलं. घंटा वाजल्या. फादरनी हात उंचावून आभार मानले. फाबियानशेठनं रडत रडत मूर्तीच्या पायांचं चुंबन घेतलं, आणि वाकल्यावर त्याला दांड्याखालचं तोंड दिसलं.

"चौकापर्यंत ने," तो हळूच म्हणाला. "पण सभेचा निकाल तो निकाल."

"बरं," इलारियो म्हणाला.

बरं म्हणे! तिबुर्सियाला वाटलं, याला इथंच दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात. तशी ती पुढे झालीसुद्धा. दांडा पोराच्या मानेत रुतला होता, कातडी सोलून लाल झाली होती. तिनं अंगावरची शाल काढली, घडी केली, दांडा आणि मान यांच्या मधे सरकवली, आणि चौकापर्यंत फादरना, फाबियानला आणि पोटच्या गाढवाला शिव्या घालत पालखीच्या बरोबरीनं चालत राहिली.