कोणताही भाग, कोणत्याही इंजिनाला

कुंभकोणम्-स्वामीमलै रस्त्यावर वेंकटेशरावांचं वर्कशॉप आहे. म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार लेथ आणि सात माणसं. भातगिरण्यांचे बॉयलर दुरुस्त करणं हा धंदा. त्याआधी राव अडतीस वर्षं एका साखर कारखान्यात फिटर, मग फोरमन होते. तिथे सुटा भाग मागवला की पुढच्या हंगामात यायचा, आणि आला की दुसऱ्याच यंत्राचा असायचा. म्हणून राव कानस घेत आणि जे बसत नसे ते बसवत. ‘रावांनी बसवलं’ म्हटलं की मॅनेजरसुद्धा पुढे काही विचारत नसे. अशी ख्याती माणसाचं किती नुकसान करते, ते माणसाला फार उशिरा कळतं.

त्यांची मुलगी हरिणी चेन्नईत एका निर्यात कंपनीत इंजिनियर आहे. काम तिनेच आणलं. एक बेट, नकाशात ज्याचं नाव जागेअभावी समुद्रातच छापतात इतकं लहान. त्यावर दोन रुळांमध्ये दोनच फूट अंतर असलेली रेल्वे. शंभर वर्षांपूर्वीची वाफेची इंजिनं गंजून संपली होती आणि पर्यटकांना धूर हवा होता. तशीच तीन नवी हवी होती, मिनीबसपेक्षाही लहान. मोठ्या कारखान्यांनी कळवलं होतं की तीन नगांसाठी आम्ही ड्रॉइंगसुद्धा उघडत नाही.

“अप्पा, जमेल का?” हरिणीने फोनवर विचारलं.

राव तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. जन्मभर लोकांची यंत्रं चालती ठेवली. आपण बनवलेलं एकही यंत्र पृथ्वीवर कुठे चालत नव्हतं. “मज एक इंजिन चालताना पाहणें आहे,” ते म्हणाले.

“तीन आहेत,” आतून त्यांच्या पत्नी विजयलक्ष्मीबाई म्हणाल्या. “पोटभर पाहा.”

घरात हे लोक अशी, तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांबरोबर दक्षिणेत आलेली मराठी बोलतात. पुण्याच्या एका पाहुण्याने एकदा त्यांची भाषा रेकॉर्ड करून नेली आणि जाताना ‘अजून जपलीत’ म्हणून आभार मानले. विजयलक्ष्मीबाईंना वाटलं, लोणच्याबद्दल बोलतोय.

ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर एक अट होती: कोणत्याही इंजिनाचा कोणताही भाग उरलेल्या दोन्ही इंजिनांना बसला पाहिजे. बेटाचा माणूस येऊन हे तपासणार, आणि मगच इंजिनं बोटीवर चढणार. हरिणीने ती अट तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला चिकटवली. राव रोज तिच्याखाली बसून कॉफी पीत.

सिलिंडर, झडपांच्या पेट्या, पंप हे सगळं गनमेटलचं, म्हणजे एका जातीच्या काशाचं, ओतायचं होतं. कोइंबतूरच्या फाउंड्रीने किमान दोनशे नग मागितले. एकच नग ओतणारे लोक जगात थोडे उरलेत आणि ते रावांच्या शेजारीच राहतात. स्वामीमलैचे स्थपती स्वामीनाथ हे रावांचे शाळेतले सोबती. नटराज, सोमास्कंद, अम्मन यांच्या मूर्ती ओततात. मेणाची आकृती करायची, तीवर कावेरीची माती थापायची, तापवून मेण काढून टाकायचं, धातू ओतायचा आणि साचा फोडायचा. दर मूर्तीला नवं मेण आणि नवा साचा.

स्वामीनाथांनी ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं, नारळाच्या झावळीची एक ताजी पट्टी घेतली, तिच्यावर सिलिंडरची लांबी उतरवली आणि घड्या घालून तिचे भाग पाडले. मूर्तीचं माप असंच घेतात. तोंड एवढं तर छाती एवढी, छाती एवढी तर मांडी एवढी. सगळं एका पट्टीत बसतं.

“मिलिमीटर आहेत त्यात,” राव म्हणाले.

“राव सार, मिलिमीटर तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या आजोबांची पट्टी जुनी झाली होती.”

पहिला सिलिंडर उत्तम आला. पाच महिन्यांनी दुसरा आला, तो पाव इंच आखूड. पट्टी वाळली होती आणि तिचं झिजलेलं टोक स्वामीनाथांनी नीट कापून घेतलं होतं. प्रमाण मात्र जसंच्या तसं. फ्लँजचा काठ आखूड, भोकं जवळ, सगळं त्याच हिशेबाने लहान. एखाद्या घरातला धाकटा भाऊ असावा तसा.

इथे राव तो परत पाठवू शकले असते. पण ओतण्याआधी पूजा झाली होती, राव स्वतः धोतर नेसून हजर होते, आणि पूजा झालेलं ओतकाम परत नेणं म्हणजे स्थपतीच्या तोंडावर दार लावणं. शिवाय हात शिवशिवत होते. त्यांनी पिस्टनचा दांडा आखूड केला, भोकं नव्याने पाडली, कानस चालवली. बसलं. तिसरा आणखी दोन सूत लहान आला. तोही बसवला. सातही माणसं खूश झाली. भिंतीवरची अट अडीच वर्षं तिथेच होती. कोणी हलवली नाही.

बेटाचा तपासनीस पंचावन्नचा, उन्हाने लाल झालेला, सभ्य माणूस होता. अंगणात साठ फूट रूळ टाकले होते. तिन्ही इंजिनांच्या कपाळाला चंदन-कुंकू होतं. एकेक इंजिन सुस्कारा टाकून हललं, रूळ संपेपर्यंत गेलं, परत आलं. तपासनिसाने टोपी काढली. हरिणीने अनुवाद केला, “म्हणतो, इतकं मऊ चालणारं इंजिन त्याने पाहिलं नाही.”

“कानस,” राव म्हणाले.

मग त्याने एक नंबरच्या सिलिंडरचं झाकण काढून तीन नंबरला लावायला सांगितलं. भोकं जुळली नाहीत. पिस्टन. पंप. जोडदांडा. दुपारपर्यंत त्याने एकवीस भागांची अदलाबदल करून पाहिली. एकवीसच्या एकवीस आपापल्या इंजिनाशी एकनिष्ठ निघाले.

“म्हणतो, ही तीन उत्तम इंजिनं आहेत,” हरिणी म्हणाली. “त्याला एक इंजिन तीनदा हवं होतं. बोट पंधरवड्याला येते. एक बंद पडलं तर दुसऱ्याचा भाग काढून लावतात. दुसरा उपाय नाही.”

“सांग त्याला, मी येतो तिकडे. काय बसत नाही ते बसवतो.”

तिने सांगितलं. तपासनीस हसला, पण वाईट हसला नाही. “विचारतोय, किती वर्षं?”

रावांचं अडुसष्ट संपत आलं होतं.

संध्याकाळी ते स्वामीमलैला गेले. स्वामीनाथ एका अम्मनच्या बोटांवर छिन्नी चालवत होते.

“एकसारखी तीन हवी होती तर भांड्यांच्या दुकानात जायचं, राव सार. तिथे डबेसुद्धा एकात एक बसतात.”

“दुसरा आखूड होता.”

“मग परत का नाही पाठवलात?”

“पाठवला असता तर तुम्ही बोलला असता माझ्याशी?”

स्वामीनाथांनी छिन्नी पुसली. “नसतो बोललो,” ते म्हणाले. “पण इंजिन बेटावर चाललं असतं.”

पुढचा मार्ग जयकुमारने काढला. तो स्वामीमलैच्या मूर्ती परदेशी पाठवतो आणि ज्याला गिऱ्हाईक नाही अशी वस्तू त्याने अजून पाहिलेली नाही. बेटाच्या पर्यटन खात्याशी तो परस्पर बोलला. इंजिनं शोभेला घ्यायला ते तयार होते. एक बंदरावर, एक नगरपालिकेसमोर, एक हॉटेलच्या बागेत. गाडी ओढायला त्यांनी डिझेल इंजिन ठरवलं होतं, वर खोटं धुराडं बसवून. कागदोपत्री आपली तिन्ही हस्तकला म्हणून जातील. फक्त विमावाल्यांची एक अट होती.

“काय?” रावांनी विचारलं.

“ती पुन्हा कधी चालू शकता कामा नयेत,” जयकुमार म्हणाला. “कोणी हौशी माणूस पाणी भरून पेटवेल. बॉयलरला भोक पाडा, तळहाताएवढं. खालून. दिसायचं नाही.”

“भंगारात जातील त्यापेक्षा बरं, अप्पा,” हरिणी म्हणाली. मग म्हणाली, “बरं नाही. पण जातील तरी.”

विजयलक्ष्मीबाईंनी कॉफीचे डवरे, म्हणजे पेले-वाट्या, आणून ठेवले आणि त्या आत गेल्या.

सात माणसांपैकी एकानेही गॅस-कटर हातात घेतला नाही. रावांनी घेतला. इंजिनाखाली उताणं पडून त्यांनी एकेक भोक पाडलं, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि गुडघे झाडत उठले. हरिणीने फोटो काढून पाठवले. तासाभरात विमावाल्यांचं उत्तर आलं. भोक किती मोठं आहे ते फोटोवरून कळत नाही. एखाद्या माणसाने आत हात घातलेला फोटो पाठवावा.

राव पुन्हा इंजिनाखाली शिरले. पहिल्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला. हरिणीने फोटो काढला. दुसऱ्यात घातला. तिसऱ्या फोटोत हात हलला होता, म्हणून तो पुन्हा घालावा लागला.