कौसाची गोळी

कौसाला परत उलटी झाली तेव्हा बायका मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढायला बसल्या आणि तिच्या बापाने, मुंजाजीने, हातातलं काम टाकलं. ही नजर नव्हे, हे पेडगावच्या त्या मांडवात कौसाखेरीज दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि त्याच्या बायकोला, सुमनबाईला.

त्याने तिला चुलीपाशी गाठून विचारलं, पोरीला गोळी दिली का. तिने मान खाली घातली. अंगाला हळद लागली की नवरीला एकटं सोडत नाहीत. कालपासून कौसाभोवती करवल्या आणि अख्खी आळी. त्यांच्यादेखत गोळी द्यायची कशी? दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं बाईने आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं. कर्म! पण तिला तरी काय बोलावं, आजार लपवून ही सोयरीक जमेपर्यंत दोघं टेकीला आले होते.

त्यांचा पहिला मुलगा पाळण्यात असाच ओकून ओकून गेला. कौसाही त्याच वाटेला लागली तेव्हा मुंजाजीने तिला हैदराबादच्या दवाखान्यात नेलं. दोष तुम्हा दोघांच्या रक्तातून आलाय, डॉक्टर म्हणाले. तिच्या शरीरात जे तयार होत नाही ते जन्मभर गोळीतून द्यायचं, चुकवायचं नाही, उलट्या लागल्या तर तडक सुई. तेव्हापासून जिनिंगवर कापूस वाहणारा हा माणूस रोज दाढीच्या पात्याने गोळीचे तुकडे करून तिला दुधातून पाजत आला. गोळीने जीव राखला, पण उंची खाल्ली. चेहराही कायमचा सुजल्यासारखा दिसायचा.

आता तिचे हात गार पडले होते. करवल्यांना सारून मुंजाजीने तिला उचललं. लग्नाची पोर, पण शाळकरी मुलीएवढीच भरली. तो दाराकडे निघाला.

पोखर्णीहून आलेली नवरदेवाची आई, धुरपताबाई, उंबऱ्यात आडवी आली. हळदीच्या अंगाने नवरी घराबाहेर नेतात का, म्हणाली.

"विहीनबाई, पोरगी जन्माची आजारी हाय. गोळी चुकली म्हणून मरायलीय. तुमची जीप द्या, परभणीला न्यायचंय."

धुरपताबाईने दोन्ही हात चौकटीला टेकले.

"म्हंजी आमाला फसवलं तुमी."

"व्हय, फसवलं. आता वाट सोडा."

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एस.टी. नव्हती आणि गावात दुसरी गाडी नव्हती. धुरपताबाईने कौसाच्या गालाला हात लावून पाहिला. मग ड्रायव्हरला हाक मारली आणि बाजूला झाली. तेवढा मोठेपणा तिने दाखवला, खोटं कशाला बोला.

परभणीत सुई बसली, सलाईन लागलं. सांजच्याला कौसाने डोळे उघडले आणि वऱ्हाडाचं विचारलं. वऱ्हाड परत गेलं, मुंजाजीने सांगून टाकलं. तिने हातावरची हळद अंगठ्याने घासून पाहिली. शेजारच्या खाटांवरच्या बायका तिच्या हळदीकडे टकामका बघत होत्या. नर्सने गोळी आणून दिली, तसा मुंजाजी सवयीने त्यांच्याकडे पाठ करून तिला आडोसा धरून उभा राहिला.

"सरका आबा," कौसा म्हणाली. "बघू द्या त्यान्ला."

आणि सगळ्यांदेखत तिने गोळी तोंडात टाकली.