तेलाचा अंगठा

या, असे जवळ सरका. एका थोरल्या सुनेची गोष्ट सांगतो. ऐकताना तिला नावं ठेवू नका, एवढंच.

तिने तेल लावलेल्या केसांच्या भांगातून अंगठा फिरवला आणि धाकट्या जावेने नुकत्याच स्पिरिटने पुसून ठेवलेल्या बुटाच्या सोलवर दाबला. धाकटी सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा आणायला आत गेली होती.

वीस वर्षं सासऱ्यांच्या या बुटांच्या कारखान्यात थोरलीचाच शब्द चाले. सोल कानशीने खरवडा, सोल्यूशन खाचांत शिरून मुळं धरतं. धाकटी आली आणि म्हणाली, खाचांपेक्षा स्वच्छता मोठी. दोन पृष्ठं अगदी अंगाला अंग लागून बसली, मध्ये धूळ नाही, तेल नाही, की ती आपणहून एकमेकांना ओढतात. सासऱ्यांनी दोन्ही रीतींचे सोल पक्कडीने ओढून पाहिले. खरवडलेला आधी सुटला.

"पूस बाई, पूस," थोरली म्हणाली होती. "आरसा झाला की वेणी घालू त्यात."

सगळे हसले. सासरे मात्र म्हणाले, "पायाने अधू आहे ना ती गिऱ्हाइकाची पोर, तिचा बुटांचा जोड आता धाकटी करेल."

तो जोड आजवर थोरलीच करायची. एक पाय आखूड, म्हणून एका बुटाला तीन थरांचा जाड तळ. तेलामुळे तो तळ सुटला, की धाकटीची पुसापुशी सगळ्यांसमोर फोल ठरणार होती.

थोरली दाराशी आली. पायरीवर ती पोर जुन्या बुटात उभी होती, आईचा हात सोडून.

"नवा बूट आला की जिना एकटी उतरणार मी," पोर म्हणाली. "आईने धरायचं नाही."

थोरली लगबगीने मागे वळली. धाकटीने ब्रश सोल्यूशनमध्ये बुडवला होता.

"थांब गं! लावू नकोस. त्याला तेलाचा हात लागलाय."

"पुसला मी, जाऊबाई."

"कधी?"

"तुम्ही दाराशी गेलात तेव्हा." धाकटीने मान वर केली नाही. "तुमच्या माक्याच्या तेलाचा वास लपतो होय!"

आतून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. धाकटीने ब्रश फिरवला, थर सुकू दिला, मग सोल बुटावर टेकवला.

"टाचेकडून दाबा की. माझ्या एकटीच्याने नाही व्हायचं."

थोरलीने पदराला अंगठा पुसला. पुन्हा पुसला. मग दोन्ही तळहातांनी, सगळा भार टाकून तिने टाच दाबून धरली.

देवापुढे हात जोडाल तेव्हा धाकटीसाठी मागणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्या थोरलीची आठवण ठेवा.